एकच दोरी बाकी

३ ऑक्टोबर १९५४, रविवार

सकाळी मिठबंदरावर गेलो. बोटीवरची माडाच्या झावळ्यांची झापे काढली. आत पावसाचे पाणी बोटभर साचले होते, ते डब्याने उपसले. बूड शाबूत. बारा वाजता नौपाड्याला परत. जेवलो. दुपारी झोपलो नाही.

आमच्या मुलाला, बाळला, जाऊन आज अकरा आठवडे झाले.

नोंदीसाठी: बोट बावीस फुटी, शिडाची. शहाडकडे राहणारा एक इंग्रज इंजिनिअर विलायतेला परत जाताना ती बाळला आणि त्याच्या मित्राला, डेनिसला, देऊन गेला. दोघांची निम्मी निम्मी. दोन वर्षे दोघे तिला खरवडत होते. मला हा उद्योग पसंत नव्हता. तसे मी कधी बोललो नाही, पण बाळला ते कळत असावे.

डेनिस बंदरावरच भेटला. त्याला बाहरीनला नोकरी लागली आहे, नाताळ करून जाणार. त्याचे वडील टोनी यांना बोट मासेमारीला हवी आहे. डोलकाठी काढायची आणि इंजिन बसवायचे. डेनिस खाली बघत म्हणाला, काका, तुम्ही नको म्हणालात तर नाही देणार, पण उभी राहून कुजेल ती. मी म्हणालो, नाताळपर्यंत थांब. नाताळच्या आत ती शिडावर चालली तर तशीच ठेवायची. नाही चालली तर टोनीची. डेनिसने मान हलवली.

काळजीचे कारण नाही. बाळच्या वहीत सत्तावीस कामांची यादी आहे. सव्वीसवर खूण आहे. राहिले आहे फक्त शेवटचे: आउटहॉल. म्हणजे शिडाचा खालचा मागचा कोपरा आडव्या काठीच्या टोकाकडे ओढून धरणारी दोरी. एकच दोरी बाकी. मी एकतीस वर्षे ड्राफ्ट्समन आहे. तीन रविवार पुरेत.

४ ऑक्टोबर

निश्चय. रोज पहाटे पाचला उठणे. एक तास बोटीचे काम. दुपारचा चहा बंद.

५ ऑक्टोबर

सहा वाजता उठलो. चहा घेतला. उद्यापासून.

१० ऑक्टोबर, रविवार

डेनिसशी मतभेद. तो म्हणतो, बाळ तो कोपरा साध्या दोरीने बांधणार होता. चार वेढे, एक गाठ, संपलं काम. हा डेनिसचा आळस. बाळ माझा मुलगा होता, असे लोंबते काम त्याने ठेवले नसते. शिवाय मे महिन्यात तो याच दोरीबद्दल मला विचारायला आला होता, हे डेनिसला ठाऊक नाही. मी पेपर वाचत होतो. म्हणालो, आता घाई नको, पावसाळ्यानंतर बघू. काम नीट व्हावे, एवढाच हेतू होता.

तेव्हा तो माझ्यासाठी थांबला, असे म्हणायला हरकत नाही.

१७ ऑक्टोबर, रविवार

ड्रॉइंग पूर्ण. तीन कप्प्या काठीच्या टोकाला, तीन शिडाच्या कोपऱ्याकडे, मधून दोर. ओढ सहा पट होते. स्केल एकास चार. शाईने काढून घेतले. हिला दाखवले. ही बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, छान आहे, पण यात माणसं कुठे बसणार? हा दोरीचा नकाशा आहे, असे समजावून सांगितले.

नंतर म्हणाली, मला एकदा बोट दाखवाल का? म्हणालो, तयार झाली की दाखवतो. अर्धवट काम बघून तिला त्रास होईल. तिला जपायला हवे. मी स्वतः ठीक आहे.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

रजा टाकून कल्याणला गेलो. खाडीकाठी गुणाजी म्हणून म्हातारे शिडे शिवतात. बाळचे नवे शीड त्यांनीच शिवले, जाड मांजरपाटाचे. मार्चपासून त्यांच्याकडेच पडून होते. ओळख सांगितली तेव्हा त्यांनी सुई बाजूला ठेवली. म्हणाले, पोरगा दोन दिस हितंच बसलेला. माज्या ताटातली भाकर खाल्ली. पयली फेरी बापाला घिऊन, म्हनत व्हता.

मी पिशवीतून कप्प्यांचे ड्रॉइंग काढले. त्यांनी ते उलटे धरून पाहिले. म्हणाले, हे कशाला? नवी सून नि नवं शीड, पयल्या दिशी वढाताण करू नये. चार फेऱ्या वारा पिऊ द्या त्याला, आपसूक मापात येतं. वीतभर ढील ठेवा. नि भिजलं तर दोरी पयली सैल करा, कापूस भिजला की आवळतो.

माणूस अनुभवी आहे, पण शास्त्रीय दृष्टी नाही. शीड घेऊन आलो. अवजड. ठाण्याला हमाल करावा लागला.

२६ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

घरात दिवाळी नाही. रीतीप्रमाणे शेजारच्यांनी फराळाचे डबे आणून दिले. सात घरांचे सात डबे. कोणी फार वेळ बसले नाही. मी तीन करंज्या खाल्ल्या, म्हणजे प्रकृती उत्तम. ही काही खाईना. म्हणाली, बाळला हौसाबाईंच्याच करंज्या आवडायच्या, तुम्ही त्याच खाल्ल्यात. मला माहीत नव्हते.

दुपारी कप्प्यांचे माप पुन्हा तपासले. बरोबर आहे.

७ नोव्हेंबर, रविवार

कप्प्या आल्या. लोहाराने चोख केल्या आहेत. बुधवारी कार्तिकी पौर्णिमा, उधाणाची भरती. बोट चिखलातून तेव्हाच तरंगते. बुधवारी चाचणी. सगळ्यांना कळवले.

९ नोव्हेंबर, मंगळवार

कप्प्यांचा पिंजरा चार इंची. काठीचे टोक तीन इंची. ड्रॉइंगमध्ये काठी चार इंची धरली होती; पिंजरा टोकावर डुगडुगतो, लोहाराकडे परत. टोनी आपल्या होडीत जाळे आवरत बसले होते. म्हणाले, साहेब, सहा सहा कप्प्या, आगबोटीचा नांगर उचलायचाय का? त्यांची बायको लुर्दस काठावरच्या खोपटातून ओरडली, जेवायच्या टायमाला त्यांना नको छळूस, तुझी स्वतःची दोरी सुतळीची हाय. मग मला म्हणाली, बसा, सोलकढी घ्या. घेतली नाही.

चाचणी पुढच्या उधाणाला, २५ तारखेला. पंधरा दिवस मिळाले हे एका अर्थी बरेच.

१५ नोव्हेंबर

ही म्हणते, मी झोपेत मापे बोलतो. पाच फूट सात, पाच फूट सात, असे. बोटीवर पाच फूट सात काहीच नाही. उद्या तपासून बघतो.

१६ नोव्हेंबर

तपासले. नाही. बाळची उंची पाच फूट सात होती. योगायोग.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

रजा. भरती बाराच्या सुमारास. बोट तरंगली, हे यश. वाराही होता. पण रात्री दंव पडले आणि दोर भिजून फुगला, कप्पीत अडकून बसला. पुढे सरकेना, मागे येईना. डेनिसने सुरी काढली, मी नको म्हणालो. दोर सोडवेपर्यंत ओहोटी लागली. पाण्याचा परिणाम गणितात धरला नव्हता. यापुढे धरीन.

निघताना टोनी म्हणाले, बाई आज आल्या नाय, तुम्ही हाय म्हणून वाटतं. कोण बाई, विचारले. म्हणाले, तुमची मालकीण. दर बेस्तरवारी येतात की. बोटीत बसतात घटकाभर, लुर्दसशी बोलतात, जातात. मी म्हणालो, हो, मला माहीत आहे.

माहीत नव्हते. गुरुवारी भाजीसाठी इकडे येत असेल. या बाजूला भाजी स्वस्त मिळते.

हिला विचारले नाही.

२८ नोव्हेंबर, रविवार

बारीक दोर घातला. सुरेख पळतो. एका बोटाने ओढता येतो. टोनींना दाखवले. म्हणाले, एका बोटाने ओढलेलं पण तुटतंय, साहेब. विनोदी माणूस आहे.

१० डिसेंबरला पौर्णिमा. नाताळच्या आतले डेनिसच्या सोयीचे हे शेवटचे उधाण. त्याला पुढे बोहरी आळीत खरेदी, मुंबईत कागदपत्रे. त्या दिवशी बोट शिडावर मिठबंदरातून निघून खाडीच्या मधल्या खांबाला वळसा घालून परत येईल. तेवढे झाले की बोट राहिली. सगळे स्पष्ट आहे.

हिला सांगितले, दहा तारखेला तू ये. म्हणाली, येते. नारळ आणते. नव्या शिडाचा नारळ आधी खाडीला द्यायचा असतो, लुर्दसने सांगितलंय. मग एकदम उठून आत गेली. मी पेपर उघडला.

५ डिसेंबर, रविवार

शीड जागेवर चढवले. प्रथमच. उभे छान दिसते. मात्र खालच्या कडेला सुरकुत्या आहेत. काठीपासून वर गेलेल्या, आडव्या-तिरप्या, फार वाईट दिसतात. दोर ओढला तेव्हा कमी झाल्या. सोडला की पुन्हा. डेनिस म्हणतो, नव्या कपड्याला असतातच, वारा भरला की जातील. बाळने इतक्या मेहनतीने शिवून घेतलेले शीड पहिल्याच दिवशी चुरगळलेल्या धोतरासारखे न्यायचे, हे मला मान्य नाही.

उपाय शोधतो.

८ डिसेंबर

उपाय सापडला. इतका सोपा की हसू आले. ऑफिसात मोठा कागद बोर्डावर ताणायचा तर आम्ही काय करतो? कागद पाण्याने भिजवतो, कडा डकवतो, तसाच वाळू देतो. सकाळी ढोलकीसारखा ताठ. एक सुरकुती राहत नाही. एकतीस वर्षांत एकही कागद माझ्या हातून फाटलेला नाही. शीड म्हणजे कापडाचा कागदच.

९ डिसेंबर, गुरुवार, संध्याकाळी सहा

अर्धी रजा. दुपारी दोनला बंदरावर. डेनिस नव्हता, बरे झाले. शीड चढवले. आउटहॉल पूर्ण ताणला, कोपरा काठीच्या टोकाला टेकेपर्यंत. खुंटीला बांधला. मग खाडीकाठच्या विहिरीचे नऊ कळशा गोडे पाणी आणून खालची कड नीट भिजवली. सुरकुत्या डोळ्यांदेखत गेल्या. ट्रेसिंग क्लॉथसारखे सपाट.

टोनी धक्क्यावरून जात होते. थांबले. म्हणाले, साहेब, शीड काय तुमचा नकाशा हाय, टाचण्या मारून ठेवताय? दोरी सोडा वाईच. मी म्हणालो, सकाळी या, मग बोला. ते म्हणाले, मी सांगितलं, झालं माझं. आणि गेले.

आज पहिल्यांदा वाटले की काम बाळला आवडले असते. ही स्वयंपाकघरात नारळाला हळदकुंकू लावून ठेवते आहे. उद्या लवकर उठणे.

१० डिसेंबर, शुक्रवार

सहाला बंदरावर पोहोचलो. लांबूनच काहीतरी वेगळे दिसले.

कापड आणि कडेचा दोर दोन्ही भिजून आवळले होते. कप्प्यांनी सोडले नाही. कोपऱ्याची लोखंडी कडी कापडातून निघून काठीच्या टोकाला लटकत होती. तिथून शीड खालच्या कडेने फाटत तिसऱ्या शिवणीपर्यंत गेले होते. उरलेले ताणून पोटात सैल पडले होते, जुन्या झोळीसारखे. कप्प्या शाबूत. दोर शाबूत. गाठ शाबूत.

मी कडी सोडवून घेतली.

आठला डेनिस आला. त्याने हात लावून पाहिले. टोनी आले. मला वाटले आता बोलतील. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून खांद्यावर टाकला आणि शीड उतरवायला लागले. त्यांनी काहीतरी बोलायला हवे होते. लुर्दस म्हणाली, जाळ्याची सुई आणते, तासाभरात टाके घालते. टोनी म्हणाले, टाके घालशील गं, पण कपड्यातला जीव गेला, ते आता वारा धरायचं नाय.

अकराला ही आली. नारळ, पदराखाली. तिने शिडाकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या कडीकडे. मी सांगू लागलो की पाण्याचे प्रमाण थोडे जास्त झाले असावे, आणि दंव. ती ऐकून घेत होती. मग टोनींना म्हणाली, शिडाशिवाय नेता येईल का हो? टोनी म्हणाले, वल्ह्यावर नेतो की, बाई. खांबापर्यंत नेतो. बसा.

भरती पुरी झाली होती. बोट हलकीच तरंगत होती. डेनिसने हिला हात देऊन चढवले. लुर्दसही बसली. डेनिस माझ्याकडे बघत म्हणाला, काका, या. जागा आहे.

मी म्हणालो, तुम्ही या जाऊन. हत्यारांपाशी कोणीतरी थांबायला हवे.

टोनी आणि डेनिस वल्हवीत गेले. खांबाजवळ हिने वाकून नारळ सोडला. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता. बोट तिथे बराच वेळ थांबली. मग वळसा घालून परत आली. वल्ह्याने गेली, शिडाने नाही, त्यामुळे अट पुरी झाली असे म्हणता येणार नाही.

हत्यारे मोजली. सगळी होती.

११ डिसेंबर

फाटण्याची कारणे लिहून काढायला बसलो. १. कापडाचा दर्जा. २. दंव. ३. कडीचा घेर लहान. ४. टोनीने वेळेवर स्पष्ट सांगितले नाही.

चौथे खोडले. नंतर पहिलेही.

संध्याकाळी ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणालो, मे महिन्यात त्याने विचारले तेव्हाच मी हे ड्रॉइंग करून दिले असते तर. ती घडी घालायची थांबली. म्हणाली, काय विचारलं होतं त्याने? म्हणालो, आउटहॉलचे.

ती म्हणाली, मी दारातच उभी होते. तो विचारायला नव्हता आला. तो म्हणाला, बाबा, एक दोरी बांधली की बोट तयार. रविवारी येता का, तिघे जाऊ. तुम्ही पेपर खाली न घेता म्हणालात, पावसाळ्यानंतर बघू. डेनिस म्हणत होता आपण दोघे जाऊ. हा म्हणाला, थांबू, बाबा येतील. हे मला लुर्दसने सांगितलं.

एवढे सगळे तिने एका दमात आणि हळू आवाजात सांगितले. रागावली नव्हती. मग उरलेले कपडे कपाटात ठेवले.

मी म्हणालो, तू हे आधी का नाही सांगितलेस?

ती म्हणाली, तुम्ही इतके कामात होता.

१२ डिसेंबर, रविवार

बंदरावर गेलो नाही. मेमधला तो रविवार कोणता, ते जुन्या कॅलेंडरात पाहिले. तेवीस तारीख असावी. त्या दिवशी काय केले ते रोजनिशीत पाहिले. लिहिले आहे: "घरीच. विशेष नाही."

१४ डिसेंबर, मंगळवार

ही डोंबिवलीला भावाकडे गेली. आठ दिवस म्हणाली, जास्तही होतील. स्टेशनपर्यंत पोहोचवायला गेलो. गाडी येईपर्यंत बोलायचे ठरवले होते. गाडी लवकर आली.

१९ डिसेंबर, रविवार

बोट टोनीला दिली. कागदावर सही केली. डोलकाठी काढताना चार माणसे लागली. मला कोणी मदत मागितली नाही, मी एका बाजूला उभा होतो. काठी आडवी झाली तेव्हा डेनिसने तोंड फिरवले. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, काका, तुम्ही फार केलंत. हे तो चांगल्या मनाने म्हणाला.

शीड मला नको होते. लुर्दसने ठेवून घेतले. पावसाळ्यात जाळ्यांवर टाकायला होईल म्हणाली.

टोनींनी कप्प्या परत दिल्या. म्हणाले, चांगल्या हायत, साहेब. कुठेतरी लागतील. चेष्टा नव्हती. मी म्हणालो, तुम्हीच ठेवा.

२६ डिसेंबर

निश्चय. एक, हिला पत्र लिहिणे. दोन, पत्रात ड्रॉइंग किंवा मापे यांबद्दल काही न लिहिणे.

लिहायला बसलो. "सौ. विमल हिस" पर्यंत झाले.

२ जानेवारी १९५५, रविवार

डेनिस काल गेला. टोनीची बोट आज इंजिनावर निघाली असे दूधवाल्याने सांगितले. मी गेलो नव्हतो.

हिची चिठ्ठी आली. तब्येत बरी, आणखी पंधरा दिवस राहीन, तांदूळ डब्यात आहेत, निवडून घ्या.

तांदूळ निवडले. दोनदा धुतले. भात टाकला. पाणी जास्त झाले. मीठ घालून पेज म्हणून प्यालो. पातेले घासून पालथे घातले.